भंडारदरा परिसर, बारा महिने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तलावाच्या काठावरच्या एका वाडीत आमचं घर आहे, त्यातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर फोन सुरू होतात ते दिवाळीपर्यंत थांबत नाहीत. प्रश्न बहुतेक तेच असतात. "पाऊस आहे का?" हा पहिला, आणि "मग येऊ का?" हा दुसरा. लोक खरंच विचारतात ते सगळं इथे एका जागी लिहून ठेवलं आहे. प्रवेशशुल्क, जीपचं भाडं, जेवणाचे दर मुद्दाम दिलेले नाहीत, कारण ते दर हंगामाला बदलतात.

१. भंडारदरा म्हणजे नेमकं कुठलं गाव? नकाशावर तीन-तीन ठिकाणं दिसतात.

धरणाचं नाव भंडारदरा, पण दुकानं, एसटीचा थांबा, चहाच्या टपऱ्या हे सगळं शेंडी गावात. तुम्ही कुणाला "भंडारदऱ्यात उतरलो" असं सांगाल तेव्हा बहुधा शेंडीतच उभे असाल. तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर.

प्रवरा नदीवरचं हे दगडी धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं. त्याला विल्सन धरण म्हणतात, आणि जुन्या लोकांच्या तोंडी तलावाचं नाव अजून आर्थर लेकच आहे. अलीकडे जलाशयाला आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव दिलं आहे. राघोजी इथल्याच देवगावचे. इंग्रजांनी त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली.

तलावाला वळसा घालणारा रस्ता शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल असा फिरून पुन्हा शेंडीला येतो. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर असेल. मोबाइल दीड तास दाखवतो. तुम्ही अर्धा दिवस धरा.

२. मुंबईहून, पुण्याहून कसं यायचं? स्वतःची गाडी नसेल तर?

मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी, आणि घोटीहून उजवीकडे बारीमार्गे शेंडी. नाशिककरांनाही घोटीच सोयीचं. पुण्याहून नारायणगाव-आळेफाट्यावरून संगमनेर, अकोले, राजूर. किंवा आळेफाट्यापुढे बोट्याला वळून कोतूळमार्गे राजूर. दुसरा रस्ता जवळचा आहे आणि सुंदरही आहे, पण रात्री पहिल्यांदाच येत असाल तर संगमनेरचाच धरा.

गाडी नसेल तर कसारा किंवा इगतपुरी स्टेशनला उतरा. तिथून घोटी आणि पुढे एसटी नाहीतर काळीपिवळी जीप. शेंडीपर्यंत येणं अवघड नाही, शेंडीच्या पुढे मात्र गाडी लागतेच. रतनवाडी, घाटघरकडे एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत. सकाळची चुकली तर दिवस गेला. चार-पाच जण असाल तर शेंडीतून दिवसभरासाठी जीप करा. शेवटच्या गाडीची वेळ विचारायची तर ती दुकानदाराला न विचारता थेट वाहकाला विचारा.

३. यायला सगळ्यात चांगला महिना कोणता?

या प्रश्नाचं एकच उत्तर दिलं की पाहुणा हमखास नाराज होतो. जुलैत येऊन तारे शोधणारे आणि एप्रिलमध्ये येऊन धबधबा विचारणारे दोघेही आमच्या ओसरीवर बसून गेले आहेत. म्हणून वर्ष कसं फिरतं तेच सांगतो.

मे संपत येतो तसे वळवाचे ढग जमतात आणि झाडांवर काजवे लागतात. जूनच्या मध्यापासून पाऊस बसतो. जुलैत तो असा कोसळतो की आमच्याच अंगणापुढचं आंब्याचं झाड दिसत नाही. घाटघर आणि रतनवाडी ही जिल्ह्यातली सगळ्यात पावसाची गावं. तिथून पन्नास-साठ किलोमीटरवरच्या अकोले शहरात त्या मानाने शिंतोडेच पडतात. याच दिवसांत आवणी, म्हणजे भाताची लावणी चालते. खाचरात इरलं घेऊन वाकलेली माणसं काम करत असतात. फोटो काढण्याआधी हाक मारून विचारा, आणि बांधावरून चाला, रोपांतून नको.

पंधरा ऑगस्टच्या आगेमागे धरण भरतं. तसं ते भरलं की खालच्या तालुक्यांतले शेतकरीसुद्धा मोकळा श्वास घेतात, कारण त्यांच्या उसाचं पाणी हेच. सप्टेंबरात पाऊस उघडझाप करतो, उन्हं पडतात, डोंगरावर सोनकीचा पिवळा सडा पडतो. मला स्वतःला विचाराल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आणि ऑक्टोबरचा पहिला. धबधबे अजून असतात, वाटा निथळलेल्या असतात आणि गर्दीची पहिली लाट ओसरलेली असते. तरी लोक जुलैतच येतात.

नोव्हेंबरात भात कापणी. डिसेंबर-जानेवारीत थंडी अशी की सकाळी तलावावर वाफेसारखं धुकं तरंगतं. किल्ले, तंबू, आकाशदर्शन यांचा हा हंगाम. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर पिवळा पडतो आणि शेतात राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरलेली जागा, भाजल्याचा वास येतो. एप्रिल-मेबद्दल प्रश्न १६ पाहा.

४. दोन दिवसांत काय काय होईल?

एक डोंगर आणि एक तलावफेरी. "कळसूबाई, रतनगड, सांदण, रंधा, घाटघर सगळं दोन दिवसांत बसवा" असं सांगणारे असतात. बसवता येतं. पण मग आठवण राहते ती जीपच्या खिडकीची.

५. धबधबे कधी सुरू होतात? अम्ब्रेला फॉल बघायला आलो तर कोरडा होता.

पावसाळी धबधबे आणि धरणाच्या पाण्यावर चालणारे धबधबे अशी दोन वेगळी प्रकरणं आहेत. कोलटेंभे-रतनवाडीच्या बाजूने कड्यांवरून उतरणारे धबधबे पावसाचे. जूनअखेरीस सुरू होतात आणि सप्टेंबरनंतर बारीक होत जातात. चार दिवस उघडीप पडली की तेही रोडावतात.

अम्ब्रेला फॉलचं तसं नाही. धरणाच्या पायथ्याशी पाणी सोडलं की ते एका गोलसर खडकावरून छत्रीसारखं पसरून पडतं, म्हणून हे नाव. पाणी सोडलं नाही तर छत्री मिटलेली. भर पावसातही, धरण अजून भरायचं असेल तर ती कोरडी असू शकते. उलट पावसाळा सरल्यावर शेतीचं आवर्तन, म्हणजे कालव्यांना पाळीचं पाणी, सुटलं तर अचानक दिसू शकते. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी "पाणी सुटलंय का?" एवढं इथल्या कुणालाही विचारा.

रंधा धबधबा धरणाच्या खाली, राजूरच्या वाटेवर. प्रवरा तिथे एका अरुंद घळीत उडी घेते. शेजारी घोरपडादेवीचं मंदिर आहे. पाणी वरून सोडलेलं असल्याने ते कधीही वाढतं. कठड्याच्या पलीकडे जाऊन फोटो काढायचा मोह इथे अनेकांच्या जिवावर बेतला आहे.

६. तलावात पोहता येतं का? बोटिंग आहे?

पोहू नका. काठ उथळ वाटतो, पण खाली जुनी खाचरं, बांध, ओढ्यांचे खड्डे आहेत. दोन पावलांवर कमरेएवढं असलेलं पाणी तिसऱ्या पावलाला डोक्यावर जातं. चिखल पाय धरतो. डोहात तरबेज असलेली आमची पोरंसुद्धा ठरावीक जागा सोडून उतरत नाहीत. बोटी पाण्याच्या पातळीनुसार आणि परवानगीनुसार चालतात. लाइफ जॅकेट देत नसतील तर बसू नका, आणि दुपारनंतर वारा सुटला की लाटा बऱ्या उठतात, म्हणून सकाळीच जा.

७. तलावकाठी तंबू कुठेही ठोकता येतो का?

नाही. काठाची काही जमीन जलसंपदा खात्याची आहे, काही वनखात्याची, काही शेतकऱ्यांची. परिसराचा बराचसा भाग १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. हे अभयारण्य ३६१ चौरस किलोमीटरहून थोडं मोठं आहे. रिकामी दिसते ती जागा कुणाची तरी असते. गावातल्या माणसाच्या जागेत, त्याला सांगून उतरा. मग जेवण, संडास, पाणी हेही प्रश्न सुटतात.

आता थोडं मनातलं. मागे एका शनिवारी आमच्या समोरच्या काठावर चाळीसेक तंबू होते आणि पहाटे दोनपर्यंत स्पीकर चालू होता. शेजारच्या वाडीतल्या आजी आजारी होत्या, त्यांचा नातू मध्यरात्री पायी चालत जाऊन हात जोडून आला. आवाज दहा मिनिटं कमी झाला. सकाळी काठावर थर्माकोलच्या थाळ्या, आणि पाण्यात अर्धवट फुगलेल्या चिप्सच्या पिशव्या. हेच पाणी पुढे नळाला येतं, तुमच्या नाही तरी कुणाच्या तरी. शेकोटी हवी असेल तर यजमानाने दिलेल्या जागी, त्याच्या लाकडावर. झाड तोडून नाही.

थंडीत तंबूत झोपणार असाल तर जमिनीवर अंथरायला काहीतरी जाड आणा. अंगावर तीन रजया घेऊनही लोक खालून गारठतात.

८. काजवे नक्की कधी दिसतात? तारीख सांगा.

तारीख काजवे सांगत नाहीत. साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. वळवाचे एक-दोन पाऊस झाले, हवेत दमटपणा आला की ते निघतात. मोसमी पाऊस लवकर आणि जोरात आला की खेळ आटोपतो. एखाद्या वर्षी पंधरा दिवस, एखाद्या वर्षी आठवडाभरच.

अमावस्येच्या जवळपास या, चांदण्यात मजा निम्मी होते. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते लागतात, पण सगळ्या झाडांवर नाही. एकच झाड निवडतात आणि शेजारचं अंधारात ठेवतात. नर उडता उडता लुकलुकतात, मादी फांदीवरून उत्तर देते. मग हळूहळू सगळं झाड एका लयीत पेटतं आणि विझतं. पहिल्यांदा पाहणारा माणूस काही वेळ बोलत नाही, हे मी दरवर्षी पाहतो.

आणि नेमकं तेव्हा मागून एखादी गाडी हेडलाइट लावून येते. हा लुकलुकाट म्हणजे त्यांची जोडीदार शोधायची भाषा आहे. तुमचा टॉर्च, फ्लॅश, हेडलाइट पडला की ती बोलणीच तुटतात. प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं, आणि त्यातही उजेडाच्या रात्री वाया. त्यांच्या अळ्या पालापाचोळ्यात, ओल्या मातीत वाढतात, म्हणून झाडाखाली घुसून जमीन तुडवणंही नको. काजवा बाटलीत भरून मुलाला देणाऱ्या एका बाबांना माझ्या आईने बाटली उघडायला लावली होती. मुलगा रडला, पण तो पुढच्या वर्षी पुन्हा आला आणि आल्या आल्या त्याने स्वतःच मोबाइल खिशात टाकला.

वनखातं या दिवसांत प्रवेशाच्या वेळा आणि नियम दरवर्षी जाहीर करतं. शनिवारी घाटघर-रतनवाडी रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, सोमवार ते गुरुवार निवांत असतं. मोबाइलमध्ये फोटो येत नाही. तिवईवर कॅमेरा ठेवून लांब वेळ शटर उघडं ठेवावं लागतं. रील्समध्ये दिसतो तो पिवळा धबधबा अनेक फोटो एकावर एक रचून केलेला असतो, तो डोळ्याला दिसणार नाही.

९. कळसूबाई नवख्यांना जमेल का? आईवडील साठीचे आहेत, मुलगा नऊ वर्षांचा.

मुलाला जमेल, आईवडिलांचं त्यांच्या गुडघ्यांवर अवलंबून. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. पायथ्याच्या बारी गावापासून जवळपास नऊशे मीटर चढ आहे. चढायला तीन ते चार तास, उतरायला दोन-अडीच. वाट मळलेली आहे, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आणि कठडे आहेत. चुकण्याची भीती नाही, दमण्याची आहे.

शिड्यांवर रविवारी रांग लागते. चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात आणि कुणी मागे हटत नाही. पावसात लोखंड निसरडं होतं. सगळं अंग चढताना नाही, उतरताना दुखतं. काठी घ्या, ती गावात भाड्याने मिळते.

रात्री चढून सूर्योदय बघायचा प्रघात पडला आहे. पहाटे दोन-अडीचला निघालात तरी चालतं. पण हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवा, एकाच्या मोबाइलवर सहा जण नकोत. वर वारा गार असतो, घाम आलेला सदरा बदलायला कोरडा जवळ ठेवा.

शिखरावर कळसूबाईचं छोटं मंदिर आहे. कळसू नावाची मुलगी भांडी घासणार नाही, केर काढणार नाही अशा अटीवर कामाला राहिली. ती अट मोडली गेली तेव्हा ती डोंगरावर निघून गेली, असं इथे सांगतात. नवरात्रात आजूबाजूच्या गावांतली म्हातारी माणसंसुद्धा अनवाणी वर जातात. त्या दिवसांत याल तर चढण्याची शर्यत लावू नका, हरण्याची शक्यता जास्त.

१०. रतनगड की हरिश्चंद्रगड?

भंडारदऱ्यात मुक्काम असेल तर रतनगड. रतनवाडीतून वाट निघते आणि सुरुवातीला प्रवरा पुन्हा पुन्हा ओलांडते. प्रवरेचा उगम याच डोंगरात आहे. पुढे दाट जंगल, मग शिड्या, दरवाजा, आणि माथ्यावर नेढं, म्हणजे खडकाला आरपार पडलेलं भोक. त्यात बसलं की वारा पाठीवर ढकलतो आणि समोर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले आणि कळसूबाई ओळीने दिसतात. निघण्याआधी रतनवाडीतलं अमृतेश्वराचं मंदिर बघा. काळ्या दगडावरचं कोरीवकाम बघायला तास पुरत नाही, आणि शेजारची पुष्करणी बहुतेक जण न बघताच परत जातात.

हरिश्चंद्रगड हे वेगळं प्रकरण आहे. इथून पाचनईला जायलाच गाडीने दीड तास, आणि गड नीट बघायला मुक्काम हवा. पाचनईची वाट सोपी, खिरेश्वरहून तोलार खिंडीची मोठी. नळीची वाट सरावलेल्या आणि दोर वापरणाऱ्या लोकांसाठीच. मंदिर, केदारेश्वराच्या लेण्यातलं कमरेएवढं गार पाणी, तारामती आणि कोकणकडा. दरीत ढग आणि पाठीशी ऊन असेल तर कड्यावरून आपल्याच सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य दिसतं. त्याला इंद्रवज्र म्हणतात. ते नशिबावर.

११. घाटघरचा कोकणकडा आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा एकच ना?

नाही, आणि या घोळात दरवर्षी कुणीतरी चुकीच्या गावात पोचतं. घाटघरला गाडी जवळपास कड्यापर्यंत जाते, हरिश्चंद्रगडावर चालत जावं लागतं. घाटघरला जलविद्युत प्रकल्पाचं वरचं धरण आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपाने वर चढवतात, आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज करतात. प्रकल्पाच्या आवारात परवानगीशिवाय जाता येत नाही. जुलैत तिथे उभं राहून दिसतं ते बहुधा पांढरं धुकंच. ते अर्ध्या मिनिटासाठी फाटतं, म्हणून थांबून बघा.

१२. सांदण दरी पावसाळ्यात करता येईल का? पाऊस फार नसला तर?

नाही. "फार नसला तर" हेच धोक्याचं. साम्रदची ही दरी म्हणजे जमिनीला पडलेली उभी भेग. दोन्ही बाजूंना सरळ भिंती, काही ठिकाणी हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील इतकी अरुंद. वर दूर कुठे सर पडली तरी सगळं पाणी याच भेगेत उतरतं आणि बाजूला व्हायला जागा नसते. पावसाळ्यात ती बंद असते. अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर एप्रिलमध्येही जाऊ नका.

हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. सुरुवातीला वाटेतल्या पाण्याच्या डबक्यांत छातीपर्यंत बुडावं लागतं, पाणी बर्फासारखं. मार्च-एप्रिलपर्यंत ते गुडघ्यावर येतं किंवा आटतं. घरातली नाजूक पादत्राणं नकोत. एका पाहुणीच्या बुटाचा तळ पहिल्याच दगडांवर सुटून पाण्यात तरंगत गेला, आणि वाटाड्याने कंबरेच्या उपरण्याने तिचा पाय बांधून तिला परत आणलं.

दोरावरून उतरायचा पहिला टप्पा येतो तिथून बहुतेक जण परत फिरतात, तुम्हीही फिरा. पूर्ण दरी उतरून कोकणात जायचं तर दोर, हेल्मेट, अनुभवी माणसं लागतात, आणि तिथून मागे येता येत नाही. वरच्या कड्यावर माकडं हालली की दगड सुटतात, म्हणून अरुंद जागी थांबून जेवायला बसू नका.

१३. अलंग-मदन-कुलंग आम्ही पाच मित्र आपले आपण करू का?

प्रस्तरारोहण येत असेल तरच. अलंग आणि मदनच्या वाटेवरच्या पायऱ्या तुटलेल्या आहेत. इंग्रजांनी १८१८ च्या सुमारास त्या उडवल्या असं सांगतात. तिथे दोर लावूनच चढावं लागतं. कळसूबाई करून आल्यावर "आता पुढचं" म्हणून हे करायचं नसतं.

१४. वाटाड्या घ्यायलाच हवा का? नकाशा तर मोबाइलमध्ये आहे.

कळसूबाईला नाही घेतला तरी चालेल. रतनगडाला जंगलात फाटे आहेत, धुकं असेल तर घ्याच. सांदणला घ्याच. ज्या गावातून चढणार त्याच गावातला घ्या, त्याला वाट, ओढा, आग्या मोहोळ सगळं ठाऊक असतं. दर आधी ठरवा आणि परतल्यावर घासाघीस करू नका. "मामा", "दादा" म्हणून हाक मारली की बोलणं सोपं होतं. इथली वस्ती मुख्यत्वे महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. झाडपाल्याची जी माहिती आम्हाला पुस्तकात शोधावी लागते ती वाटाड्या चालता चालता सांगतो.

१५. साप, बिबट्या, मधमाश्या यांची भीती आहे का?

मधमाश्यांची आहे. कड्यांना आणि लेण्यांना आग्या मोहोळ असतं. अत्तर, धूर, आरडाओरडा, ड्रोन यांपैकी एकही पुरतं. माश्या उठल्या तर हात न झटकता तोंड झाकून तिथून निघून जा. बिबट्या आहे, पण तो तुम्हाला बघतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. साप पावसाळ्यात आणि उन्हं पडल्यावर दगडांवर दिसतात. फुरसं हा विषारी साप लहान आणि मातीच्या रंगाचा, म्हणून दगडाच्या कपारीत न बघता हात घालू नका. चावलाच तर चिरणं, चोखणं, घट्ट आवळणं यांतलं काही करू नका. माणसाला हलू न देता १०८ ला फोन करा आणि राजूरच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघा. फोनला रेंज नसेल त्याचं पुढे पाहा (प्रश्न १८).

१६. एप्रिल-मेमध्ये यायचं का? सगळं कोरडं असतं म्हणतात.

तलाव खाली गेलेला असतो. पाणी आवर्तनांनी खालच्या कालव्यांना जातं आणि काठाला भेगाळलेली माती उघडी पडते. दुपारी चढाई अशक्य. पण याच दिवसांत करवंदं पिकतात, जांभळं येतात, आणि संध्याकाळी ओसरीवर वारा असतो. पहाटे पाचला चाललात तर रतनगडाचं जंगल अजून सावलीचं. गर्दी नसते. मात्र विहिरी तळाला गेलेल्या असतात, वाड्यावस्त्यांवर बायका हंडे घेऊन चालतात. अंघोळीला दोन बादल्या मागताना एवढं लक्षात असू द्या.

१७. जेवायला काय मिळेल? शुद्ध शाकाहारी आहोत.

मिळेल. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, वरईचा भात, पावसाळ्यात रानभाज्या. तांदूळ विचारून घ्या. काळभात आणि जिरवेल हे इथले जुने वाण काही घरांत अजून आहेत आणि शिजताना घरभर वास सुटतो. देशी बियाणी जपणाऱ्या, २०२० ची पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. मांसाहाऱ्यांना गावठी कोंबडी आणि तलावातले मासे. फक्त दोन तास आधी सांगा. चुलीवरचं जेवण फोन केल्यावर वीस मिनिटांत तयार होत नाही. पनीर मसाला मागणाऱ्यांना माझी बायको हसून पिठलंच वाढते.

१८. रेंज, एटीएम, पेट्रोल?

घोटीला किंवा राजूरला टाकी भरा आणि रोख रक्कम काढा. शेंडीत रेंज बरी, घाटघर, साम्रद, रतनवाडीत भरवसा नाही. डोंगरावर जाताना कुठून चढणार आणि कधीपर्यंत उतरणार ते मुक्कामाच्या घरी सांगून जा. अंधार पडूनही आला नाहीत तर गावातली पोरं बॅटऱ्या घेऊन निघतात. उशीर होणार असेल आणि माथ्यावर एखादी रेंजची काडी दिसली तर तेवढा एक फोन करा.

१९. अभयारण्यात ड्रोन, दारू, कुत्रा चालतो का?

तिन्ही नाही. ड्रोनला वनखात्याची लेखी परवानगी लागते, गावच्या सरपंचांनी "उडवा" म्हटल्याने ती होत नाही. नाक्यावर घेतलेली पावती जपून ठेवा, पुढच्या नाक्यावर दाखवावी लागते.

२०. कारवी फुलेल का या वर्षी?

कारवी हे डोंगरउतारावरचं झुडूप, ते साधारण सात वर्षांनी एकदा सामूहिक फुलतं. पण प्रत्येक डोंगराचं गणित वेगळं, त्यामुळे एका उतारावर फुललेली कारवी शेजारच्या उतारावर नुसती हिरवी दिसते. ऑगस्ट-सप्टेंबरात वाटाड्यांना विचारा. फुलली असेल तर आम्ही न विचारताही सांगू.

२१. बुकिंग केलं आणि आदल्या दिवशी पर्यटनबंदीचा आदेश आला तर?

पावसाळ्यात हे घडतं. अतिवृष्टीचा लाल इशारा असला, दरड पडली किंवा गर्दी हाताबाहेर गेली की प्रशासन धबधबे, काही गड आणि कधी तलावफेरीचा रस्ता बंद करतं, किंवा वाहतूक एकेरी करतं. मुक्कामाला बहुधा हरकत नसते, फिरण्याला असते. आदेश एका ठिकाणासाठी आहे की सगळ्या परिसरासाठी, ते वाचून बघा. "भंडारदरा बंद" असा फिरणारा निरोप निम्म्या वेळा फक्त एका धबधब्याबद्दल असतो.

पैशांचं म्हणाल तर बुकिंग करतानाच विचारून घ्या. आम्ही तारीख बदलून देतो, पैसे परत द्यायचं जमत नाही, कारण किराणा आणि दूध तोवर आलेलं असतं. आणि बंदी असूनही पोचलाच असाल, रस्त्यावर अडवलं असेल, तर हवालदाराशी वाद न घालता शेंडीतच थांबा. चहा घ्या, धरणाच्या बाजूला पाऊस बघा. मागच्या खेपेला असे अडकलेले चौघे आमच्या पडवीत दोन दिवस पत्ते खेळत बसले, आणि जाताना सप्टेंबरची तारीख लिहून गेले.